संगीत नाटकातील अद्भुताची काटछाट : ‘सौभद्र’मधील घटोत्कचाच्या निमित्ताने

प्रास्ताविक

जुने संगीत नाटक पुन्हा रंगभूमीवर आणताना संहितेवर कात्री चालवावी लागते, याविषयी दुमत नाही. पाच-सात अंकांचे, रात्रभर चालणारे नाटक आजच्या अडीच-तीन तासांच्या प्रयोगात बसत नाही. वाद सुरू होतो तो काय गाळावे या प्रश्नापासून. पदे गाळली तर जाणते श्रोते नाराज होतात. विनोदी प्रवेश गाळले तर प्रयोग कोरडा होतो. मग संपादकाची नजर राक्षस, शाप, आकाशवाणी, विमान यांच्याकडे वळणे स्वाभाविक ठरते. हे भाग आजच्या सुशिक्षित प्रेक्षकाला पटणार नाहीत, ते पुराणकालीन भाबडेपणाचे अवशेष आहेत, मूळ कथेला त्यांच्यावाचून काही बाधा येत नाही, असे समर्थनही तयार असते. या समर्थनातील प्रत्येक विधान तपासून पाहण्यासारखे आहे. त्यासाठी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’इतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही, कारण हे नाटक जवळजवळ दीडशे वर्षे प्रयोगात राहिले आहे आणि त्यात एक राक्षस आहे.

घटोत्कच कोठून आला?

‘सौभद्र’च्या पहिल्या तीन अंकांचा प्रयोग नोव्हेंबर १८८२ मध्ये पुण्यात झाला आणि पुढील वर्षी नाटक पाच अंकांनी पूर्ण झाले. बलरामाने सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरविला आहे. तीर्थयात्रेस निघालेल्या अर्जुनावर तिचे मन आहे. कृष्णाला थोरल्या भावाशी उघड विरोध करावयाचा नाही आणि बहिणीचे मनही मोडावयाचे नाही. या पेचातून कृष्ण जी कारस्थाने रचतो, त्यांतच भीमपुत्र घटोत्कचाकडून सुभद्रेला द्वारकेतून उचलून वनात आणविण्याचा भाग येतो. तेथे तिची आणि अर्जुनाची गाठ पडते. पुढे अर्जुन यतीच्या वेषात द्वारकेस येतो आणि बलराम स्वतःच त्या ‘साधूं’च्या सेवेस बहिणीला नेमतो.

महाभारताच्या आदिपर्वातील सुभद्राहरणात घटोत्कच नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा अगदी सरळ आहे : रैवतकावरील उत्सवात अर्जुन सुभद्रेला पाहतो, कृष्ण त्याला हरणाचा सल्ला देतो, युधिष्ठिराची संमती मागविली जाते, रथ दौडतो, बलराम संतापतो आणि कृष्ण त्याची समजूत घालतो. यतिवेषाची कथा भागवताच्या दशम स्कंधात, शहाऐंशीव्या अध्यायात आहे. बलरामाच्या मनात दुर्योधन हा वर असल्याचा उल्लेखही तेथेच आहे. किर्लोस्करांच्या कथानकाचा सांगाडा बव्हंशी भागवतातून आला, हे उघड आहे. परंतु भागवतातही घटोत्कच नाही.

तो आला असावा लोकप्रिय वत्सलाहरणाच्या आख्यानातून. त्या कथेत बलराम आपली कन्या वत्सला दुर्योधनाच्या मुलाला देऊ करतो आणि घटोत्कच तिला पळवून अभिमन्यूकडे पोहोचवितो. दक्षिणेत हीच कथा ‘मायाबाजार’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यावरील १९५७ चा तेलुगू चित्रपट आजही पाहिला जातो. आईच्या लग्नाच्या वेळी मुलाच्या लग्नातला राक्षस किर्लोस्करांनी एक पिढी आधीच कामाला लावला, असे गमतीने म्हणता येईल. कालक्रमाचा प्रश्न कोणी उपस्थित केल्यास राक्षस जन्मतःच प्रौढ होतात, हे उत्तर महाभारतातच दिलेले आहे.

या तपशिलाचे महत्त्व असे की, पुनःप्रयोगाच्या वेळी ज्याला पुराणाचा अवशेष म्हणून बाजूला सारावयाचे, तो पुराणात नाहीच. तो नाटककाराने हेतुपूर्वक योजलेला आहे. हा हेतू कोणता, हे पाहिले की काटछाटीचे मोल कळते. ‘सौभद्र’मधील कृष्ण देव असूनही दैवी सामर्थ्य वापरीत नाही. तो खोटे बोलतो, गैरसमज पसरवितो, रुक्मिणीची चेष्टा करतो, थोरल्या भावासमोर साळसूदपणे मान डोलावतो. यादवांचे हे घर एकोणिसाव्या शतकातील एखाद्या एकत्र कुटुंबासारखे दिसते, हे अनेक अभ्यासकांच्या लक्षात आलेले आहे. अशा घरात मुलगी आपल्या पायांनी प्रियकराला भेटावयास गेली असती, तर नाटक १८८२ च्या पुण्यात सुखान्तिका म्हणून उभेच राहिले नसते. तिला राक्षसाने नेले, म्हणून ती निर्दोष राहते. कृष्णावर आळ येत नाही, बलरामाला बहिणीवर रागावण्यास कारण उरत नाही आणि अर्जुनाला तिच्या निष्ठेचा प्रत्यय मिळतो. एका कुटुंबवत्सल समाजाने आपल्या मर्यादा सांभाळून प्रेमविवाह पाहावा, याची सोय घटोत्कचाने केली.

हा प्रवेश काढला तर दोन पर्याय उरतात. एक, वनातली भेट पूर्णपणे गाळावयाची. मग यतिवेषातील अर्जुनासमोर सुभद्रा आपली व्यथा सांगते तेव्हा तिच्यामागे प्रेक्षकाने पाहिलेले काहीच नसते आणि तिची विरहाची पदे मैफलीतील चिजांसारखी सुटी पडतात. दुसरा पर्याय म्हणजे राक्षसाच्या जागी एखादा विश्वासू सेवक आणावयाचा. तसे केल्यास कृष्णाने आपल्या बहिणीला माणसांकरवी पळविले असा अर्थ होतो आणि हलकीफुलकी सुखान्तिका अकस्मात एका अप्रिय घटनेवर उभी राहते. राक्षसाने नेणे हे कथेत अघटित आहे, पण त्याला सामाजिक वजन नाही. माणसाने नेणे घटित आहे, आणि त्याचे वजन आजच्या प्रेक्षकाला सोसणार नाही. वास्तवाच्या नावाखाली केलेला हा बदल नाटक अधिक वास्तव न करता अधिक क्रूर करतो.

शाप गाळलेला दुष्यंत

‘शाकुंतला’त हाच प्रश्न अधिक गंभीर रूपात येतो. ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाला, ही तारीख मराठी रंगभूमीच्या प्रत्येक इतिहासात आढळते. तो प्रयोग पहिल्या चार अंकांचाच होता, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. म्हणजे शकुंतला सासरी निघते तेथे पडदा पडला. राजाचे विस्मरण, कोळ्याला सापडलेली अंगठी, मातलीचा रथ, मारीच ऋषींचा आश्रम हे सारे त्या रात्री रंगमंचावर आले नव्हते. मराठी संगीत नाटकाचा पहिला प्रयोग असा अद्भुताचा मोठा भाग वगळूनच झाला. अर्थात कारण तत्त्वाचे नव्हते, तयारीचे होते. चौथ्या अंकाच्या आरंभीचा दुर्वासाचा शाप मात्र त्याच्या आतच येतो.

महाभारतातील मूळ कथेत शाप नाही. तेथे दुष्यंताला सर्व आठवत असते. लोकापवादाच्या भीतीने तो पत्नीला आणि मुलाला नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाने शाप आणि अंगठी यांची जोड देऊन राजाला दोषमुक्त केले. रोमिला थापर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शकुंतलेवरील ग्रंथात या दोन शकुंतलांमधील अंतर विस्ताराने दाखविले आहे. तेव्हा शाप गाळणाऱ्या संपादकाने आपण केवळ एक अविश्वसनीय गोष्ट काढीत आहोत, असे समजू नये. तो एका सज्जन माणसाला लबाड ठरवीत असतो. तसे ठरविण्यास हरकत नाही. महाभारतकाराने ते केलेच आहे आणि शकुंतलेच्या बाजूने ते अधिक न्याय्यही आहे. परंतु मग सहाव्या अंकातील राजाच्या पश्चात्तापाची पदे त्याच सुरात गाता येणार नाहीत. किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’त दोनशेहून अधिक पदे घातली, त्यांतील करुणेचा मोठा भाग शापाच्या आधारावर उभा आहे.

देखावा आणि अद्भुत

एका गोष्टीची कबुली द्यावयास हवी. अद्भुताविरुद्धची तक्रार आजची नाही आणि ती निराधारही नव्हती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केल्यानंतर पौराणिक नाटकांच्या ज्या मंडळ्या निघाल्या, त्यांत राक्षसपार्टी हे मोठे आकर्षण होते. आरडाओरडा करीत, तलवारी फिरवीत येणाऱ्या या राक्षसांवरून त्या नाटकांना ‘अललडुर्र’ असे उपहासाचे नावच पडले. इंग्रजी शिकलेल्या पिढीला त्याचा कंटाळा आला होता. किर्लोस्करांचा घटोत्कच या राक्षसांच्याच कुळातला. पण नाटककाराने त्याला कथानकात नेमके काम दिले आणि ते होताच निरोप दिला. अद्भुताची पहिली शहाणी काटछाट ती हीच. तीत देखावा कमी झाला, घटना मात्र राहिली.

याच्या जोडीला एक विसंगती नोंदवावी लागते. पारशी मंडळीचा संगीत प्रयोग पाहून अण्णासाहेबांना मराठीत तसे नाटक करण्याची प्रेरणा झाली, असे परंपरेने सांगितले जाते. त्या मंडळ्यांच्या संग्रहातील लाडके नाटक म्हणजे लखनौच्या अमानतची ‘इंदरसभा’. पऱ्या, देव आणि इंद्राचा दरबार यांनी भरलेले. म्हणजे ज्या नाट्यप्रकाराला पुढे सोज्ज्वळ आणि संयत मानले गेले, त्याची प्रेरणा निव्वळ परीकथेच्या रंगभूमीतून आली.

यानंतर देखाव्याचे काम चित्रपटाने उचलले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) यांत जे दाखविले, ते कोणत्याही नाटक मंडळीच्या पडद्यांना आणि तारांना साधणारे नव्हते. अहमदनगरच्या एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले शाहू मोडक १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मध्ये बालकृष्ण झाले आणि पुढे कित्येक चित्रपटांत कृष्णाच्याच रूपात लोकांच्या मनात ठसले. पडद्यावरचा चमत्कार पाहिलेल्या प्रेक्षकाला रंगमंचावरचा कागदी राक्षस हास्यास्पद वाटू लागला असल्यास नवल नाही. ‘राक्षस पटत नाही’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘राक्षस चित्रपटाइतका चांगला दिसत नाही’ एवढाच असतो. श्रद्धेचा किंवा विवेकाचा त्याच्याशी संबंध नसतो. सिंधुदुर्गातील दशावतारी मंडळ्यांनी या स्पर्धेला वेगळे उत्तर दिले : त्यांनी ‘ट्रिकसीनयुक्त’ नाटकांच्या जाहिराती लावल्या आणि धूर, दिवे, यंत्रे जत्रेच्या मांडवात आणली. संगीत नाटकाचे सुशिक्षित पुरस्कर्ते तिकडे नाक मुरडतात. पण त्या मांडवातील गर्दी ओसरलेली नाही.

गाण्याचे काय?

वास्तवाचा आग्रह मराठी रंगभूमीवर सर्वांत ठामपणे मांडला तो ‘नाट्यमन्वंतर’ने. जुलै १९३३ मधील ‘आंधळ्यांची शाळा’ या प्रयोगात घराची खरीखुरी वाटणारी खोली आली आणि पदांची गर्दी ओसरली. ही सुसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. जे वास्तव मागत होते त्यांनी गाण्यालाही आवर घातला, कारण दुःखात माणूस भीमपलास आळवीत नाही, हे त्यांना कळत होते. उलट आज जो संपादक घटोत्कचाला असंभाव्य म्हणून घालवितो, तो सुभद्रेला दहा मिनिटे ताना घेऊ देतो, आणि प्रेक्षकांनी ‘वन्समोअर’ दिला तर तिला तेच दुःख पुन्हा एकदा पहिल्यापासून भोगावयास लावतो. भाऊराव कोल्हटकरांपासून बालगंधर्वांपर्यंत पुरुष नटांनी उभ्या केलेल्या नायिकांवर ज्या प्रेक्षकांनी जीव टाकला, त्यांना एका राक्षसाचे ओझे झाले असेल, हे मानणे कठीण आहे. संगीत नाटकात सर्वांत मोठी असंभाव्य गोष्ट गाणे हीच आहे. ती एकदा मान्य केली की बाकीच्या असंभाव्यांचा विचार निराळ्या कसोटीवर करावा लागतो : ती घटना गाण्याला जागा करून देते का?

खाडिलकरांना ही कसोटी चांगली ठाऊक असावी. गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये आणलेल्या त्यांच्या ‘स्वयंवरा’त कृष्ण-रुक्मिणीची कथा मानवी पातळीवर चालते, चमत्काराची उणीव भासत नाही, कारण रुक्मिणीच्या मनातील आंदोलन पदांना पुरेसे आहे. वसंत कानेटकरांनी १९६४ मध्ये गोवा हिंदू असोसिएशनसाठी लिहिलेल्या ‘मत्स्यगंधा’त पराशर-सत्यवतीच्या कथेतील चमत्कारापेक्षा फसवल्या गेलेल्या स्त्रीच्या मनाला महत्त्व आले आणि जितेंद्र अभिषेकींच्या संगीताने त्या मनाला स्वर दिले. ही दोन्ही नाटके मुळातच तशी रचलेली होती. त्यांचे उदाहरण देऊन ‘सौभद्र’ कापणे म्हणजे नव्या घराला खांब नाहीत म्हणून जुन्या वाड्याचे खांब काढणे होय.

पाश्चात्त्य संगीत रंगभूमीवरही हा प्रयोग झालेला आहे. रोसिनीच्या ‘ला चेनेरेंतोला’ (१८१७) या ऑपेरात सिंड्रेलाच्या कथेतील परी काढून तिच्या जागी राजपुत्राचा तत्त्वज्ञ गुरू आणला गेला. काचेच्या बुटाऐवजी कंकण आले. तेथे प्रत्येक काढलेल्या वस्तूच्या जागी तितकेच काम करणारी दुसरी वस्तू ठेवली होती आणि संगीत त्यानंतर रचले गेले. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली लिंकन सेंटरने ‘कॅमलॉट’ या १९६० च्या संगीतिकेचे पुनरुज्जीवन केले, त्याची गोष्ट वेगळी. ॲरन सॉर्किन यांनी संवाद नव्याने लिहून जादू काढून टाकली : मर्लिन जादूगार राहिला नाही, मॉर्गन ल फे विज्ञानाची अभ्यासक झाली, आणि दगडातील तलवार आर्थरच्या आधी प्रयत्न केलेल्या हजारोंमुळे सैल झाली असावी अशी शंका खुद्द राणीच बोलून दाखविते. गाणी मात्र लर्नर आणि लोव यांची जुनीच होती. प्रयोग एप्रिलमध्ये सुरू झाला आणि जुलैत थांबला. समीक्षकांची मते संमिश्र होती. व्यावसायिक यशापयशाची कारणे अनेक असतात. तरी जादूच्या जगासाठी रचलेली गाणी जादूविरहित संवादांत बसविण्याची अडचण येथे ‘सौभद्र’सारखीच आहे.

शिर्डीतील एक दाखला

या चर्चेत शिर्डीचा उल्लेख अनपेक्षित वाटेल. पण मराठी संगीत नाटकाच्या साकी, दिंडी, कामदा या चाली ज्या परंपरेतून आल्या, त्या कीर्तनाचा एक बोलका प्रसंग शिर्डीशी जोडलेला आहे. दासगणू महाराज (१८६८–१९६२), मूळचे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोळनेरचे. पोलीस खात्यात नोकरी, तमाशाची आणि लावणीरचनेची आवड, आणि नंतर साईबाबांच्या सहवासात झालेले परिवर्तन हा त्यांचा प्रवास सर्वपरिचित आहे. हेमाडपंतांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त असे वर्णन आहे की, दासगणू एकदा अंगरखा, उपरणे, फेटा असा सारा जामानिमा करून कीर्तनास निघाले असता बाबांनी त्यांना नवरदेवासारखे नटण्याचे कारण विचारले आणि तो पोशाख उतरवावयास लावला. तेव्हापासून ते उघड्या अंगाने, हाती चिपळ्या घेऊन कीर्तनास उभे राहू लागले.

येथे काढला गेला तो साज. आख्यानातील चमत्कार काढला गेला नाही. दासगणूंच्याच कीर्तनांनी साईबाबांच्या लीला महाराष्ट्रभर पोहोचविल्या. नारदीय कीर्तनकार उत्तररंगात एकटाच राम, रावण आणि हनुमंत होतो; त्याला दात, शिंगे, तारा लागत नाहीत. श्रोत्यालाही त्याची उणीव भासत नाही. शिर्डीत जमणाऱ्या समुदायापुढे पाण्याने दिवे पेटविल्याची कथा सांगताना ‘हा भाग गाळावा काय’ असा प्रश्न कोणाच्या मनात येणार नाही, कारण तेथे ती कल्पनारम्य गोष्ट नसून लीला आहे. तीच भूमी चित्रपटाने आपल्या पद्धतीने वापरली : ‘अमर अकबर अँथनी’त (१९७७) साईमूर्तीतून निघालेल्या ज्योती आंधळ्या आईच्या डोळ्यांत शिरतात आणि तिला दृष्टी येते. यंत्राने दाखविलेले आणि शब्दाने सांगितलेले अद्भुत यांतील अंतर एवढ्यावरून समजावे.

भरतानेही अद्भुताला भाबड्या प्रेक्षकांचा खाऊ मानलेले नाही. नाट्यशास्त्रात अद्भुत हा रस आहे, विस्मय हा त्याचा स्थायिभाव, आणि नाटकाच्या निर्वहण संधीत तो असावा असा त्याचा दंडक आहे. विखुरलेले सारे धागे अनपेक्षितपणे एकत्र येण्याचा विस्मय तेथे अभिप्रेत आहे. ‘सौभद्र’च्या अखेरीस बलरामाला आपणच सारे घडवून आणल्याचे कळते, तो क्षण या अर्थाने अद्भुताचा होय, आणि त्याची पूर्वतयारी वनातील त्या रात्रीपासून झालेली असते.

पुण्याच्या भरत नाट्य संशोधन मंदिरासारख्या संस्थांनी हे नाटक जिवंत ठेवले आहे आणि राज्य संगीत नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने नवे गायक-नटही त्याच्याकडे वळतात. वेळेचे बंधन त्यांना चुकत नाही. परंतु घटोत्कचाच्या प्रवेशात वेळ जातो तो आगमनाच्या थाटात, आरोळ्यांत आणि वेषपालटात. सुभद्रेला उचलून आणणे आणि निघून जाणे यांना फार अवधी लागत नाही. ‘सौभद्रा’त सूत्रधार आहेच, कीर्तनकाराशी त्याचे नाते जुने आहे. गालावर काजळाची एक रेघ ओढलेला, नेहमीच्या आवाजात बोलणारा घटोत्कच त्याच्या दोन वाक्यांनंतर रंगमंचावर येऊ शकतो, आणि काकासमोर बेशुद्ध काकूला ठेवून जाऊ शकतो.